अनुभव धागा : डीप पर्पलचा 'मेड इन जपान' – तुमची आवडती जागा कोणती?

डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड, आणि 'मेड इन जपान' हा त्यांचा प्रत्यक्ष कार्यक्रमांत मुद्रित केलेला लाइव्ह अल्बम. 15, 16 आणि 17 ऑगस्ट 1972. पहिल्या दोन रात्री ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल, तिसऱ्या रात्री टोकियोचं बुदोकान. गायक इयन गिलन, गिटारवर रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवर जॉन लॉर्ड, बासवर रॉजर ग्लोव्हर, ड्रम्सवर इयन पेस. या तीन रात्रींतून निवडलेली सात गाणी, दोन एलपी, सव्वा तासाचा ऐवज. डिसेंबर 1972 मध्ये रेकॉर्ड बाजारात आली. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी हिच्यावर जीव असलेली दोन माणसं भेटली की गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालतात. त्या गप्पा एका ठिकाणी जमाव्यात म्हणून हा धागा.

बँडला मुळात असा अल्बम काढायचाच नव्हता. आग्रह जपानी रेकॉर्ड कंपनीचा. फक्त जपानपुरती काढू म्हणून मंडळी तयार झाली, तीही अटी घालून: ध्वनिमुद्रण आमचा माणूस करणार आणि काय बाहेर जाईल यावर शेवटचा शब्द आमचा. टेप्स ऐकल्यावर मात्र हे सगळ्या जगाला ऐकवायला हवं हे त्यांनाच पटलं.

एकच विनंती. 'भारी अल्बम' एवढ्यावर थांबू नका. कोणतं गाणं, त्यातली कोणती जागा, ती पहिल्यांदा कुठे कानावर पडली, ते सविस्तर येऊ द्या.

सुरुवात मी करतो. माझी जागा 'हायवे स्टार' सुरू होण्याआधीची. पेस स्नेअर ड्रमवर बारीक ठेका धरतो, लॉर्डचा ऑर्गन खालून उचलत येतो, बास शिरतो, गिटार कडेकडेने चाचपत असते. गाणं अजून लागलेलं नाही, पण पाचही जण एकमेकांचा अंदाज घेताहेत हे स्वच्छ ऐकू येतं. हे गाणं 1971 मध्ये इंग्लंडात कार्यक्रमाला जाताना बसमध्ये सुचलं. गाणी कशी करता, असं एका पत्रकाराने विचारलं, ब्लॅकमोरने गिटार उचलली, गिलनने शब्द टाकायला सुरुवात केली आणि त्याच रात्री ते लोकांसमोर वाजलं. ओसाकाला पोचेपर्यंत ते अंगात इतकं मुरलं होतं की स्टुडिओतली आवृत्ती मला त्यापुढे जरा शिस्तीची वाटते.

डोंबिवलीकर

माझ्या मोठ्या मामेभावाने मला ही रेकॉर्ड कॅसेटवर भरून दिली होती. नव्वद मिनिटांची कॅसेट असती तर एका बाजूला एक एलपी सुखाने मावली असती. पण घरात कोरी होती ती साठ मिनिटांची. त्यामुळे पहिली बाजू 'द म्यूल'मध्ये संपायची. पेसचा सोलो रंगात येतोय, हात सुटताहेत, आणि खट्. दुसऱ्या बाजूचं तेच: 'स्पेस ट्रकिन'चं गाणं संपून खरी वाजवावाजवी सुरू झाली की टेप संपली.

कॉलेजची सगळी वर्षं मी हा अल्बम असाच ऐकला. पुढे नोकरीला लागल्यावर ऱ्हिदम हाऊसमधून सीडी आणली आणि 'द म्यूल' पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. तुटायचं ते ठिकाण आलं, गेलं, आणि पेस वाजवतच राहिला. ड्रम्सचा सोलो म्हटलं की लोक उठून चहा टाकायला जातात. पण या माणसाचा स्नेअरवरचा रोल ऐका. आवाज चढतो, उतरतो, अगदी कुजबुजीपर्यंत येतो, पण एकेक ठोका सुटा कळतो. म्हणून माझी जागा तीच, टेप संपायची तिथून पुढची.

सहा तारा, कोल्हापूर

मी गिटार शिकवतो. नवीन आलेल्या दहांतल्या नऊ मुलांना आधी 'स्मोक ऑन द वॉटर'च हवं असतं, आणि बहुतेक जण ते एका तारेवर पिकने वाजवत येतात. ब्लॅकमोर ते दोन तारा एकदम बोटांनी खेचून वाजवतो. दोन्ही सूर एकाच क्षणी उठतात, म्हणून तो घुमारा येतो. शिवाय आपण ज्याला निव्वळ गिटार समजतो त्यात लॉर्डचा हॅमंड ऑर्गनही मिसळलेला असतो, मार्शलच्या अँप्लिफायरमधून फाडून काढलेला. हे कळलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

गाण्यामागची हकीकत बहुतेकांना माहीत असेल. 4 डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कसिनोला आग लागली आणि जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला. डीप पर्पल तिथेच ध्वनिमुद्रणासाठी येऊन थांबले होते. म्हणजे ओसाकात हे वाजलं तेव्हा त्या आगीला वर्षही झालं नव्हतं.

अल्बमवरचं 'स्मोक' पहिल्या रात्रीचं आहे, 15 ऑगस्टचं. माझी जागा शेवटची: गाणं संपलं असं वाटत असताना गिटार आणि ऑर्गन एकमेकांना छोटे छोटे तुकडे फेकायला लागतात. स्टुडिओच्या रेकॉर्डवर हे नाही. मुलांना मी आधी हे ऐकवतो आणि रिफ, म्हणजे सुरुवातीचा तो ओळखीचा तुकडा, नंतर शिकवतो.

नागपूरहून एक ज्येष्ठ

15 ऑगस्ट 1972 म्हणजे आपल्या स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. मी तेव्हा शाळेत होतो. प्रभातफेरी, झेंडावंदन, लाडू. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, घरात मोठ्यांच्या बोलण्यात दुष्काळाखेरीज विषय नसायचा. त्याच दिवशी तिकडे ओसाकात हे पाच जण वाजवत होते, हे मला फार उशिरा, रेकॉर्डवरच्या तारखा वाचताना समजलं. तेव्हापासून दर 15 ऑगस्टला झेंडावंदन करून घरी आलो की 'स्मोक' लावतो. नातवंडांनाही आता पाठ झालंय.

मिरजेहून

मी शास्त्रीय गाणं शिकले आणि शिकवते. हा अल्बम माझ्या घरात आला तो मुलामुळे. सुरुवातीला त्याच्या खोलीचं दार लावून घ्यायला सांगायचे. एकदा स्वयंपाक करताना 'स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन' चालू होतं आणि मधोमध गाणारा आणि गिटारवाला यांचा सवाल-जवाब सुरू झाला. गॅस बारीक करून मी त्याच्या खोलीत जाऊन बसले.

ब्लॅकमोर चार सुरांचा तुकडा टाकतो, गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. मग तुकडा लांबतो, वळणं अवघड होतात, पट्टी चढत जाते. गिटारला श्वास लागत नाही, गळ्याला लागतो. तरी गिलन मागे हटत नाही. आणि सगळ्यात वर गेल्यावर तो जी किंचाळी लांबवतो, तिच्यातही सूर आहे. आमच्याकडे साथीदार आणि गवई यांच्यात असं घडतं तेव्हा बैठकीत 'क्या बात है' निघतंच. इथे ओसाकाचे श्रोतेही तीच दाद देताहेत.

'चाइल्ड इन टाइम'बद्दलही सांगायलाच हवं. शब्द अगदी मोजक्या ओळींचे. पुढचं सगळं आलापीसारखं, शब्दांवाचून. आधी ऑर्गनवर हलक्या आवाजात, मग तेच सूर खुल्या गळ्याने, मग आणखी वरच्या पट्टीत, थेट आर्त. तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर गिलन थांबतो, तिला वेळ देतो. घाई करणारा गायक हे गाणं गाऊच शकणार नाही. मग वाद्यं सुटतात, लय वाढत वाढत जाते, एकदम थांबते, आणि पुन्हा तो एकटा ऑर्गन. ती थांबण्याची जागा माझी. माझ्या विद्यार्थिनींना मी ती ऐकवली आहे, संयम कशाला म्हणतात ते दाखवायला.

गिरगाव

@मिरजेहून, तुमच्या प्रतिसादाला जोडून. 'चाइल्ड इन टाइम'ची मूळ धून आपल्या गावाच्या नावाची आहे! सॅन फ्रान्सिस्कोचा 'इट्स अ ब्युटिफुल डे' नावाचा बँड होता. त्यांच्या 1969 च्या रेकॉर्डवर 'बॉम्बे कॉलिंग' ही व्हायोलिनवरची रचना आहे. जॉन लॉर्ड ती ऑर्गनवर वाजवत बसला होता, गिलनने तिच्यावर शब्द रचले, चाल संथ केली आणि शीतयुद्धाच्या भीतीचं गाणं तयार झालं. गिलनने हे उघडपणे सांगितलेलं आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका, नातं लगेच कळेल.

तोकियो-वासी

कामानिमित्त इथे आलो तेव्हा यादीत बुदोकान आधी होतं, फुजी पर्वत नंतर. कुदानशिता स्टेशनवरून बाहेर पडायचं, खंदकाच्या कडेने चढायचं, आणि झाडांमधून ते अष्टकोनी छप्पर दिसतं. 1964 च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधलेलं. 1966 मध्ये इथे बीटल्स वाजवून गेले तेव्हा युद्धकलांच्या पवित्र जागेत हा गोंगाट कशाला, म्हणून विरोध झाला होता. ओसाकाचा जुना फेस्टिव्हल हॉल आता नाही. त्याच जागी उंच इमारत झाली आणि तिच्यात त्याच नावाचा नवा हॉल 2013 मध्ये उघडला. मी तिथे एक सिंफनी ऐकली, पण डोक्यात 'हायवे स्टार'च चालू होतं.

अल्बमवर कान देऊन श्रोत्यांना ऐका. 'स्मोक'च्या सुरुवातीला ताल धरतात, पण 'चाइल्ड इन टाइम'च्या हळुवार भागात चिटपाखरू नाही. इथल्या कार्यक्रमांना गेल्यावर कळलं की ही शांतता इथे आजही तशीच मिळते. तिच्यामुळेच लॉर्डचे ते बारीक सूर टेपवर उतरले असं माझं ठाम मत आहे.

ध्वनीवाला

मी लाइव्ह साउंड करतो, नाटकं आणि वाद्यवृंद दोन्ही. या रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण मार्टिन बर्चने केलं, तेही आठ ट्रॅकवर, म्हणजे आवाज वेगवेगळे टिपायला आठच पट्ट्या. आज आमच्याकडे एकट्या ड्रम्सला आठ माईक सहज लागतात. आठ ट्रॅकमध्ये पाच माणसं आणि श्रोते बसवायचे म्हणजे निर्णय तिथल्या तिथे घ्यावे लागतात, नंतर बघू म्हणता येत नाही. हाच बर्च पुढे 1981 पासून आयर्न मेडन या बँडचा निर्माता झाला. 2020 मध्ये गेला.

मिक्सिंगला बँडमधले फक्त ग्लोव्हर आणि पेस हजर होते. नंतर स्टुडिओत वरून काहीही चढवलेलं नाही. सातपैकी चार गाणी 16 तारखेची, एक 15 ची आणि 'द म्यूल' आणि 'लेझी' बुदोकानची. हेडफोन लावून ऐका: ऑर्गन एका कानात, गिटार दुसऱ्या कानात, बास आणि ड्रम्स मध्ये. म्हणून दोघं एकमेकांना उत्तर देतात तेव्हा आवाज डोक्यातून आरपार जातो. आणि गिलन ध्वनीवाल्याला सांगतो ना, की प्रत्येक गोष्ट बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा मोठी ऐकू येऊ दे, ती माझी जागा. आमच्या धंद्यात ती मागणी रोज होते.

संध्याकाळची लोकल

'स्पेस ट्रकिन' मला वीस मिनिटं झेपत नाही, प्रामाणिकपणे सांगते. गाणं चार-पाच मिनिटांत संपतं आणि पुढे एलपीची ती उरलेली अख्खी बाजू वाद्यांची. पण 'लेझी'साठी काहीही! ऑर्गनची ती खरखरीत सुरुवात, मध्येच ब्लॅकमोर ह्यूगो आल्फवेनच्या 'स्वीडिश ऱ्हॅप्सडी'ची ओळखीची धून हळूच टाकून जातो, आणि पुढे गिलनचा माउथ ऑर्गन. कितीही दमून आले तरी याने ताजी होते.

डोंबिवलीकर

@संध्याकाळची लोकल, 'स्पेस ट्रकिन' एकदा रात्री दिवे मालवून ऐका. लॉर्ड ऑर्गनचा आवाज रिंग मॉड्युलेटरमधून असा वाकवतो की हे वाद्य आहे हेच विसरायला होतं. आणि त्या गोंधळात पेस एकदाही लय सोडत नाही.

नवा सभासद, औरंगाबाद

मी बावीस वर्षांचा आहे. मला हे सगळं यूट्यूबवर सापडलं आणि आता विकत घ्यायचंय. कोणती आवृत्ती घेऊ? आणि असे वाजवणारे हे लोक एकत्र का राहिले नाहीत?

धागाकर्ता

@नवा सभासद, पहिल्यांदा मूळ सात गाणीच घ्या, त्याच क्रमाने. एलपी परवडत असेल तर उत्तम. मग 1998 ची आवृत्ती, तिच्यात 'ब्लॅक नाइट', 'स्पीड किंग' आणि 'लुसिल' ही वन्स मोअरची गाणी जास्तीची आहेत. 1993 मध्ये तिन्ही कार्यक्रमांचा बराच भाग तीन सीडींवर आला आणि 2014 च्या संचात तिन्ही रात्री आहेत. तो घेतलात तर एकच गाणं तिन्ही रात्रींचं ओळीने लावा. 'चाइल्ड इन टाइम'पासून सुरुवात करा. ब्लॅकमोरचा सोलो तिन्ही वेळा वेगळा आहे, आणि पेस व ग्लोव्हर तिन्ही वेळा त्याच्या मागे वेगळ्या वाटेने जातात.

एकत्र का राहिले नाहीत, तर सततचे दौरे, थकवा आणि गिलन-ब्लॅकमोर यांचं बिनसलेलं. गिलन आणि ग्लोव्हर 1973 मध्ये बाहेर पडले. त्यांचा शेवटचा कार्यक्रम 29 जून 1973 ला झाला, तोही ओसाकातच. अकरा वर्षांनी हेच पाच जण पुन्हा एकत्र आले, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. संच मिळाला की तुमची जागा इथे लिहा.