जुना पीएस४ (सोनीचं प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) रोखीनं घेतोय. पैसे मोजण्याआधी काय काय बघू?

सांगलीकर_४१६

पुण्यातला एक जण पीएस४ विकतोय. जाहिरातीत "स्लिम, ५०० जीबी, दोन कंट्रोलर, चार डिस्क" असं लिहिलंय. साडेअकरा हजार सांगितलेत, अकराला तुटेल असं वाटतंय. पैसे रोख हवेत, यूपीआय अजिबात नको म्हणतो. पण "बाजूला ठेवायचा असेल तर हजार रुपये टोकन आत्ताच पाठवा" असंही म्हणतो.

रोखीची अट ऐकून घरचे म्हणतायत की यात काहीतरी काळंबेरं आहे. खरंच तसं असतं का? तिथं गेल्यावर अर्ध्या तासात काय तपासता येईल? आणि त्या चार डिस्कना काही किंमत धरायची का, की हल्ली सगळं डाउनलोडच करतात?

डबल_डिस्क

अर्धा तास पुरणार नाही, दीड तास हाताशी ठेवा. फोनवरच विचारून घ्या की टीव्ही लावून दाखवणार का. "टीव्ही नाही, चालू आहे, घेऊन जा" असं म्हणाला तर सांगलीहून निघूच नका.

घरून नेण्याच्या गोष्टी: चालणारी एक पीएस४ डिस्क (कुणाकडून तरी मागून घ्या), मायक्रो यूएसबीची डेटा केबल, वायरचा इअरफोन, एक पेनड्राइव्ह. पीएसएनचं (सोनीचं ऑनलाइन गेमिंग नेटवर्क) स्वतःचं खातं आधीच उघडून ठेवा. देश भारतच निवडा, कारण तो नंतर बदलता येत नाही.

मशीन थंड असतानाच चालू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच चालू करून ठेवलं असेल तर बंद करून दहा मिनिटं थांबा. चालू होताना दिवा निळा लुकलुकतो आणि मग पांढरा होतो. निळ्यावरच अडकला किंवा दोन-तीनदा बटण दाबल्यावर पांढरा झाला तर तिथंच राम राम करा. तो बिघाड पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क किंवा बोर्ड, कशातलाही असू शकतो आणि उघडल्याशिवाय कळत नाही.

मग सेटिंग्ज, सिस्टीम, सिस्टीम इन्फर्मेशन. तिथला सॉफ्टवेअरचा आकडा बघा. ९.०० किंवा ११.०० वर अडकवून ठेवलेलं असेल आणि मालक "नेटला जोडू नका" म्हणत असेल तर मशीन जेलब्रेक केलेलं आहे, म्हणजे सोनीचं कुलूप तोडून चोरीचे गेम भरलेलं. असं मशीन ऑनलाइन न्यायचं तर आधी अपडेट करावं लागतं, आणि अपडेट केलं की आत भरलेले "सव्वाशे गेम" उपयोगाचे राहत नाहीत. ते गेम धरून किंमत सांगितली असेल तर ती विसरा.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तुमच्याच खात्यानं साइन इन करा. मशीनवर सोनीनं बंदी घातली असेल तर इथंच उघडं पडतं. डब्ल्यूएस-३७३९७-९ असा कोड येतो. अशा मशीनवर डिस्क चालतील, पण ऑनलाइन काहीच नाही, आणि ती बंदी मशीनवर असते, त्यामुळं खातं बदलून उपयोग नाही.

आता डिस्क घाला. नुसती आत ओढली म्हणजे ड्राइव्ह चांगला, असं समजू नका. गेम पूर्ण इन्स्टॉल होऊ द्या, कारण लेन्स थकलेली असेल तर कॉपी मध्येच अडकते. तेवढ्या वेळात स्टोरेज बघा. ५०० जीबीच्या मशीनमध्ये वापरायला ४०० जीबीच्या आसपास दिसायला हवेत. गेम सुरू झाला की वीस-पंचवीस मिनिटं खेळा. मेन्यूवर पंखा गप्पच असतो, जड सीन आला की कळतं. आवाज वाढणं ठीक, पण मशीन स्वतःहून बंद पडलं तर चिपची उष्णता बाहेर नेणारी आतली पेस्ट वाळलीय किंवा पंख्यात धूळ भरलीय. नुसती पेस्टच असेल तर काम स्वस्तात होतं, त्यामुळं ती भाव पाडायची जागा, सोडून द्यायची नाही. एचडीएमआयची वायर मात्र हळूच हलवून बघा. चित्र गेलं-आलं तर पोर्ट सैल आहे, आणि ते बोर्डावरचं बारीक काम आहे.

कंट्रोलर दोन्ही, आणि दोन्ही बिनवायरचे वापरून. काड्यांवरून अंगठे काढा. गेममधला माणूस किंवा कॅमेरा आपोआप सरकतो का ते बघा. सरकत असेल तर काडीखालचे सेन्सर झिजलेत. साफसफाईनं चार दिवस बरं वाटतं, पण खरा इलाज म्हणजे अख्खा मॉड्यूल बदलणं, आणि त्यासाठी १४ ठिकाणचे सोल्डरचे डाग सोडवून परत द्यावे लागतात. इअरफोन लावून आवाज येतो का, चार्जिंग सुरू होतं का आणि टचपॅड दाबला जातो का, तेही बघा. पेनड्राइव्ह पुढच्या दोन्ही यूएसबीत लावा.

रोकडा_शेठ

रोखीबद्दल. घरच्यांची शंका समजू शकतो, पण रोख मागणारा प्रत्येक जण चोर नसतो. ऑनलाइन फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार करतो, तेव्हा पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले तिथं रक्कम अडकवली जाते, कधी अख्खं खातं गोठतं. अनोळखी माणसाकडून आलेले अकरा हजार उद्या कुठल्या साखळीतले निघतील, ही विकणाऱ्याला धास्ती असते. जुन्या वस्तू सतत विकणारे त्यामुळंच रोख मागतात. मला स्वतःला अशा सौद्यात रोखच बरी वाटते. वस्तू हातात, पैसे हातात, सर्व्हर डाउन वगैरे भानगड नाही.

पण मग टोकन यूपीआयनं कसं चालतं? खात्यात अनोळखी पैसे नकोत म्हणणाऱ्याला त्याच खात्यात हजार चालतात, हे काही जुळत नाही. टोकन देऊ नका. "शनिवारी दुपारी येतो, त्याआधी दुसरा गिऱ्हाईक आला तर खुशाल द्या" एवढंच सांगा. मशीन खरं असेल तर तो थांबेल. आणि "पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कधीही कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पिन पैसे जाण्यासाठी असतो, येण्यासाठी नाही.

अकरा हजार म्हणजे पाचशेच्या २२ नोटा. सगळ्या पाचशेच्याच नेऊ नका. पाचशेच्या नोटांत दहा हजार, वरचे हजार शंभराच्या नोटांत, आणि दोन्ही वेगळ्या खिशांत. कंट्रोलरची काडी सरकताना दिसली की "साडेदहा घ्या" म्हणता येतं आणि सुट्ट्याचं कारण चालत नाही. पैसे आदल्या दिवशीच काढा. बऱ्याच एटीएममधून एका वेळी दहा हजारांच्या वर येत नाहीत, आणि दुसऱ्या बँकेचं एटीएम असेल तर पुण्यासारख्या शहरात महिन्याला पाचच व्यवहार फुकट. त्यापुढं १ मे २०२५ पासून प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत, वर जीएसटी.

विकणाऱ्यानं नोटा तपासल्या तर राग मानू नका, उलट त्याच्यासमोरच मोजा. पाचशेची नोट तिरकी केली की मधला धागा हिरव्याचा निळा होतो, खाली उजवीकडचा ५०० चा आकडाही तसाच. दोन्ही कडांना पाच-पाच उंचवटा असलेल्या तिरक्या रेघा असतात, बोटाला लागतात. हे तुम्हालाही उपयोगी, कारण त्यानं परत दिलेली नोट तुमच्या पाकिटात येणार. खोटी नोट बँकेत नेली तर बँक ती जप्त करून पोचपावती देते, बदलून देत नाही.

आणि पावती. साधा वहीचा कागद चालेल: तारीख, दोघांची नावं, मॉडेल नंबर, मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर, रक्कम, "रोख मिळाले", सही. खोक्यावरचा सीरियल नंबर मशीनशी जुळतोय का बघा. सही द्यायला टाळाटाळ केली तर घरच्यांचं म्हणणं खरं धरा.

सुट्टे_नाहीत

शेठ, पावतीवरचं नाव खरं कशावरून? यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधीच बँकेत नोंदलेलं नाव समोर येतं, आणि स्टेटमेंटमधली ओळ दहा वर्षांनीही सापडते. वहीचा कागद पहिल्या पावसात जातो. माझं मत सरळ आहे: अनोळखी माणसाला अकरा हजार रोख द्यायचे म्हणजे भांडायची सोयच संपवायची.

रोखच द्यायची ठरली तर निदान एक रुपया यूपीआयनं पाठवा आणि शेऱ्यात सीरियल नंबर लिहा. नावही कळतं, तारखेची नोंदही होते. एक रुपयाला तो नाही म्हणणार नाही. टोकनचे हजार घ्यायला तयार होताच की.

तो ऐन वेळी यूपीआयला तयार झाला तर दोन गोष्टी. फोन किंवा सिम नुकतंच बदललं असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर जात नाहीत. आणि पैसे अडकले, "पेंडिंग" दिसलं, तर परत पाठवू नका. तुमच्या खात्यातून कापले गेले आणि समोर पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. त्यापुढं बँकेनं रोजचे १०० रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

रोकडा_शेठ

एक रुपयाची युक्ती मान्य. बाकीचं नाही.

आर_टू

डिस्कना किंमत धराच. पीएस४ घेण्यातला अर्धा फायदा तोच. डिस्क कुणाच्याही खात्याला बांधलेली नसते. खेळून झाली की विकता येते. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याचा. विकणारा "माझं खातं ठेवतो, त्यातले तीस गेम तुमचे" म्हणाला तर त्याचा एक रुपयाही जास्त देऊ नका. त्यानं दुसऱ्या मशीनवर "प्रायमरी" केलं (ते मशीन खात्याचं मुख्य मशीन ठरवलं) किंवा पासवर्ड बदलला की सगळ्यांवर कुलूप.

डिस्क घेताना डबी उघडून बघा. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि द लास्ट ऑफ अस पार्ट २ या दोन्हींच्या दोन-दोन डिस्क असतात: एक डेटाची, एक खेळायची. इन्स्टॉलला दोन्ही लागतात, नंतर खेळायला एकच. डेटाची डिस्क हरवलेली डबी जुन्या बाजारात बरीच फिरते आणि पुढून अगदी शाबूत दिसते. काही डब्यांत डिस्कच नसते, नुसता कोडचा कागद. तो एकदा वापरला की ती डबी रद्दी.

डिस्कचा प्रदेशही बघा. आपल्याकडं बहुतेक आर२ (प्रदेश २ च्या) विकल्या जातात आणि भारतातलं पीएसएन खातं त्यांच्याशी जुळतं. अमेरिकेतून आणलेली आर१ डिस्क चालते, पण तिच्यासाठी भारतीय स्टोअरवरून घेतलेली वरची भर (गेमला नंतर जोडायचे जादा भाग) सहसा लागू होत नाही.

ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या सोनीच्या वर्गणीचे पैसे वेगळे. फोर्टनाइट, ईफुटबॉल असे मोफत गेम मात्र त्याशिवाय चालतात. जीटीए ६ या गेमची वाट बघत असाल तर ते पीएस४ वर येणारच नाही, हे माहीत असू द्या.

डबल_डिस्क

एक राहिलं. सगळं पटलं की पैसे द्यायच्या आधी त्याच्याच हातानं त्याचं खातं "प्रायमरी"तून काढायला लावा, मग सेटिंग्जमधून इनिशियलायझेशन, म्हणजे सगळं पुसून मशीन कोरं करणं. "क्विक" निवडलं की काही मिनिटांत होतं. "फुल"ला काही तास लागतात, तेवढं बसू नका. पहिल्या सेटअपचा पडदा आला की नोटा मोजा.

सांगलीकर_४१६

टोकन नाही म्हणून कळवलं. चिडला नाही, शनिवारी या म्हणाला. टीव्हीही आहे. मागच्या बाजूचा फोटो मागवला. मॉडेल सीयूएच-११ नं सुरू होतं. पुढं अर्धा भाग चकचकीत आहे, अर्धा मॅट.

डबल_डिस्क

मग ते स्लिम नाहीच. स्लिमचे नंबर सीयूएच-२० पासून पुढं. तुमचं ते जुनं जाडं मॉडेल. मागं ऑप्टिकल ऑडिओचं भोक असेल, स्लिमला ते नसतं. विकणाऱ्यालाच माहीत नसेल, असंही होतं, पण भाव स्लिमचा देऊ नका.

त्यात दोन गोष्टी जास्तीच्या बघाव्या लागतील. वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ आहे, त्यामुळं हॉटस्पॉट ५ वर ठेवलात तर मशीनला दिसणारच नाही. फोनमध्ये आधी बदलून घ्या. आणि पुढची बटणं स्पर्शाची आहेत. या मॉडेलची जुनी खोड म्हणजे कुणी हात न लावता डिस्क बाहेर येते, किंवा डिस्क नसताना मशीन आपोआप तीनदा बीप करतं. बहुतेकदा इजेक्टच्या खालचा रबरी पाय फुगून आतल्या पट्टीला टेकलेला असतो. तो पाय सोडवला की काम होतं, पण ते तुम्हाला माहीत आहे हे त्याला सांगू नका. मशीन गरम झाल्यावर ही खोड जास्त दिसते, तेव्हा खेळून झाल्यावर डिस्क काढा आणि दहा मिनिटं नुसतं चालू ठेवून ऐका. बीप ऐकू आले तर दहाच्या खाली बोला, वरचे शंभर-शंभर खिशातच राहू द्या.