मदत हवी आहे: मामेबहिणीला गावी अडकवून ठेवलंय

रानमोगरा: गणपतीला गावी नेलं, ती परत आलीच नाही. फोन काढून घेतलाय. मामा म्हणतात, घराण्याचं नाक कापलंस. दिवाळीनंतर लग्न उरकणार आहेत. पोलिसांत गेले तर आईचं माहेर तुटेल. काय करू? लवकर सांगा.

खाजण: वय काय? तालुका कुठला? नाक कशाने कापलं?

रानमोगरा: २३. लांजा. मुलगा दुसऱ्या जातीचा, तिच्याच ऑफिसातला.

माडवाला: पोलीस नको. आमच्यात गावकीतली दोन जुनी माणसं मध्ये घातली, काका नरमले. घरातलं घरात राहतं.

खाजण: माडवाला, अशाच गावकीने माझ्या चुलत्यांकडे सात वर्षं पालखी येऊ दिली नाही, मुलाने जातीबाहेर लग्न केलं म्हणून. शिमग्याला काकी रांगोळी काढून दारात बसायची आणि पालखी पाणंदीतूनच वळायची. वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तरी तक्रार द्यायला घरातलंच कुणी धजावलं नाही.

माडवाला: सगळ्या गावक्या तशा नसतात.

सुरंगी: ग्रामदेवतेला कौल लावा. मामा देवीचं नक्की ऐकतील.

रानमोगरा: कौल मामांनीच लावला. उजवा, म्हणजे होकार मिळाला म्हणून तर घाई चाललीय.

बांधावरचा: सरळ नोंदणी विवाह. ३० दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार.

खाजण: अहो, लग्नाचं कोण विचारतंय? आधी मुलगी बाहेर यायला हवी.

कातळफूल: अशा मुलींसाठी मी काम केलंय, म्हणून कळकळीने लिहिते. मामांना कळवून काही करू नका, एका रात्रीत तिला दुसरीकडे हलवतात. महिला हेल्पलाइनला, १८१ला फोन करा, धोका वाटला तर पोलिसांचा ११२. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा घरच्या मुलीलाही लागू आहे, आणि त्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याला माहिती कुणीही देऊ शकतं, तुम्हीसुद्धा. सज्ञान मुलीच्या लग्नाला घरच्यांची किंवा समाजाची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट सांगितलंय. तरीही अडलं तर वकिलाकडून हेबियस कॉर्पस, म्हणजे अडकवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज. रत्नागिरीची प्रकरणं आता उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या बेंचकडे जातात. पण तिचं स्वतःचं म्हणणं काय? ते तुम्ही अजून लिहिलंच नाहीत.

रानमोगरा: शेजारणीच्या फोनवरून अर्धा मिनिट बोलली. "ताई, मला इथून ने." एवढंच.

कातळफूल: मग थांबू नका. वाडी आणि घराची खूण १८१ला सांगा, इथे लिहू नका. शेजारणीचं नाव मात्र कुणालाच नको.

रानमोगरा: लावते. आईला नंतर सांगेन.