घरोघरी फ्युएल सेल: खान्देशात चालेल का?

तापीकाठ
मंडळी, जपानमध्ये २००९ पासून 'एने-फार्म' नावाचं कपाटाएवढं फ्युएल सेलचं यंत्र घराबाहेर बसवून मिळतं. पाइपने आलेल्या गॅसमधून हायड्रोजन काढायचा, त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवायचा. साधारण ७०० वॅट वीज आणि वर गरम पाणी. धूर नाही, धडधड नाही. तिथे लाखो घरांत ते बसलंय. इकडे रावेर-यावलला केळीचे खांब बांधावर सडतात, चोपड्याकडे कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून देतात, आणि आपण मात्र दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राची राख खात बसतो. केळी-शेणाचा बायोगॅस आणि त्यावर घरचा फ्युएल सेल, हे का होऊ नये? माझं मत: व्हायलाच हवं.

पत्र्याची_टाकी
भाऊ, अर्धीच गोष्ट सांगितली. त्या यंत्राचं गणित विजेवर नाही, गरम पाण्यावर जमतं. गॅसमधली साधारण चाळीस टक्के ऊर्जा वीज होते, उरलेल्यातली बरीचशी उष्णता होऊन टाकीत जाते. जपानी माणूस रोज रात्री टबभर गरम पाण्यात बसतो, म्हणून तिथे ती कामी येते. भुसावळात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. ती उष्णता घेऊन काय करू, विकू कोणाला? त्यापेक्षा छतावर सोलर बसवा. सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला केंद्राकडून ७८ हजार अनुदान आहे.

तापीकाठ
सोलर दिवसा. रात्री बाळाचा कूलर कशावर चालवणार? आणि उष्णता वाया कशी? मिरची वाळवा, दूध तापवा.

पत्र्याची_टाकी
मिरची वाळवायला खान्देशात यंत्र? कमाल आहे! रात्रीसाठी बॅटरी आहे की. शिवाय तुमचं यंत्र इन्व्हर्टरसारखं वापरता येत नाही. बायोगॅसवर चालेल असा सिरॅमिकचा सेल सातशे अंशांच्या आसपास चालतो. लाइट गेली की चालू, आली की बंद असं रोज केलंत तर तापण्या-थंडावण्यात त्याला तडे जातात. तो चोवीस तास चालता ठेवावा लागतो, लागो न लागो.

गोठेवाला
माझ्याकडे गोबरगॅसवर जनरेटर आहे, म्हणून बोलतो. पंचवीस किलो शेणाला साधारण एक घनमीटर गॅस धरा. त्यातून माझं इंजिन दीड युनिट देतं, चांगला फ्युएल सेल अडीच देईल. फरक मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण या गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. मी गॅसच्या वाटेत एक ड्रम ठेवलाय, त्यात लेथवाल्याकडचा गंजलेला लोखंडी कीस. सल्फाइड शोषून महिनाभरात तो काळा पडतो. मग पाणी मारून अंगणात पसरतो, हवेने परत तांबूस होतो. पसरल्यावर चांगलाच तापतो, म्हणून जवळ कडबा ठेवत नाही. एवढं करूनही थोडा सल्फाइड निसटतो. इंजिन तो सोसतं, फार तर तेल लवकर बदलतो. फ्युएल सेल नाही सोसत, त्याचं मरण त्यातच. घरोघरी हे कोण सांभाळणार?

गिरणाथडी
भाऊ, तुनं म्हननं खरं शे, पन पैसा कोन दी?

पांझराकाठ
घरगुती यंत्र राहू द्या, शहराच्या कचऱ्याचं बोला. कचऱ्यापासून वीज म्हटलं की पुढाऱ्यांना भट्टीच आठवते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये रोज ३०० टनांची भट्टी उभारली आणि थोड्याच दिवसांत बंद पडली. आपला कचरा ओला, त्यात माती, मग धग कुठून येणार? धुळ्याहून आग्रा रोडने सरळ गेलं की इंदूर. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यातून बायो-सीएनजी काढायचा प्रकल्प सुरू झाला. तो चालतो कारण लोक घरातच ओला-सुका वेगळा करतात. आपल्याकडे घंटागाडीत सगळं एकत्र पडतं, मग कोणतंही तंत्रज्ञान आणा.

तापीकाठ
जाळणं आणि गॅसिफिकेशन एक नव्हे. कमी हवेत तापवलं की कोरड्या पऱ्हाटीचा ज्वलनशील गॅस होतो.

गोठेवाला
होतो, आणि सोबत डांबरही येतं. ते नीट काढलं नाही तर इंजिनसुद्धा चिकटून बसतं, सेलचं तर नावच नको.

कानबाईची_लेक
सगळे भाऊच बोलताय म्हणून लिहिते. पऱ्हाट्या कचरा आहेत हे कोणी ठरवलं? आमच्या गल्लीत घरोघरी मागच्या दारी त्यांचा ढीग असतो. सिलिंडर आहे, पण तो चहा-दुधापुरता. भाकरी चुलीवरच. तुमचा प्रकल्प त्या विकत घेणार म्हणजे बाया जळण कुठून आणतील? मात्र ढीग जूनपर्यंत ठेवला की गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो, हेही खरं. मला विचाराल तर आधी गावाला मिळून बायोगॅस करा आणि तो चुलीला द्या. वीज नंतर.

तापीकाठ
ताई, चुलीचा मुद्दा मान्य. पण सामाईक प्लांटला शेण आणणार कोण आणि स्लरी, म्हणजे गॅस काढून उरलेलं पातळ शेण, नेणार कोण, यावर गावकी भांडते. म्हणूनच मी घरगुती म्हणतोय.

गोठेवाला
स्लरीचं भांडण नाही होत. ती केळीला इतकी मानवते की आमच्याकडे लोक टँकर घेऊन रांगेत असतात. भांडण शेणावर होतं. वजनकाटा ठेवा, किलोमागे पैसे द्या. दूध डेअरीला घालतोच ना आपण तसं?