सिएटल मरिनर्स: संघाच्या निर्णयांवर टीका केली की निष्ठा उणी पडते का?

बेलव्ह्यूकर

नमस्कार. सिएटलजवळ बेलव्ह्यूला येऊन मला चौदा वर्षे झाली आणि त्यांतली अकरा वर्षे मी मरिनर्स या इथल्या बेसबॉल संघाचे सामने नेमाने पाहत आलो आहे. ज्या प्रश्नासाठी हा धागा काढत आहे, तो मनात बरेच दिवस होता. पण २० ऑक्टोबर २०२५ च्या संध्याकाळपासून तो मला स्वस्थ बसू देत नाही.

त्या दिवशी दिवाळी होती. दारात पणत्या लावून झाल्या होत्या, फराळाची ताटे मांडली होती आणि आम्ही पाच कुटुंबे मिळून टोरांटोविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना पाहत होतो. सातव्या इनिंगमध्ये आपण ३-१ असे पुढे होतो. १९७७ पासून खेळत असलेला आणि आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) न गाठलेला आपला संघ तिथून फक्त आठ आउट दूर होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर टोरांटोचे धावक असताना मॅनेजर डॅन विल्सन यांनी एदुआर्द बाझार्दोला पिचिंगला (चेंडू टाकायला) आणले, जॉर्ज स्प्रिंगरने त्याच्यावर तीन धावांचा होम रन मारला आणि सामना ४-३ असा हातचा गेला. आपला सर्वांत भरवशाचा रिलीव्हर (सामन्याच्या उत्तरार्धात येणारा पिचर) आंद्रेस मुन्योस त्या सामन्यात खेळलाच नाही.

मी म्हणालो, "इथे मुन्योसच हवा होता. हा निर्णय चुकला." माझ्या मित्राने हातातली चकली ताटात परत ठेवली आणि तो म्हणाला, "तू चाहता नाहीस, तू परीक्षक आहेस. खरा चाहता आज या मुलांचे आभार मानेल." पुढे जेवणे झाली, पण तो विषय कोणी काढला नाही.

हा मित्र २०१४ पासून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून सामने पाहत आला आहे, त्यामुळे त्याचे बोलणे मी सोडून देऊ शकत नाही. संघावर मनापासून प्रेम असणाऱ्याने आशाच धरावी की जे चुकते आहे ते बोलून दाखवावे? आणि बोलायचे, तर ते कधी आणि कोणाविषयी?

किंगडोमपासून

मी १९९३ साली पुण्याहून इथे आले, तेव्हा संघ किंगडोम या जुन्या मैदानाच्या काँक्रीटच्या छताखाली खेळत असे आणि मला बेसबॉलचे एक अक्षर कळत नव्हते. गाडीतल्या रेडिओवर डेव्ह नीहाउस यांचे समालोचन ऐकत मी हा खेळ शिकले, आणि इंग्रजी बोलण्याची भीतीही बरीचशी तिथेच गेली.

आपल्या मित्राच्या बाजूने बोलावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण १९९५ मध्ये आहे. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला आपण गटातल्या एंजल्स संघापेक्षा १३ सामन्यांनी मागे होतो. सप्टेंबरमध्ये नव्या मैदानासाठीचा कर सिएटलच्या किंग काउंटीच्या मतदारांनी अगदी थोडक्या मतांनी फेटाळला आणि संघ शहर सोडून जाणार, हे जवळजवळ सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. अशा वेळी शहाण्या माणसाने टीका करून पाठ फिरवली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. लोक मात्र किंगडोममध्ये येत राहिले. संघाने एंजल्सना गाठले, एका सामन्याच्या निर्णायक लढतीत हरवले आणि ८ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझने तो डबल (दोन बेसचा फटका) मारला. त्या वेळी मी कर्कलंडच्या भाड्याच्या घरात ओट्याशी उभी होते, कुकरची शिटी होत होती आणि केन ग्रिफी पहिल्या बेसवरून थेट होम प्लेटपर्यंत धावला, हे मला रेडिओवरच्या आवाजावरून कळले. मी कुकर बंद करायला विसरले. त्याच महिन्यात विधिमंडळाने मैदानासाठी पैशांची वेगळी तरतूद मंजूर केली आणि १९९९ साली आजचे मैदान उघडले. आशेचा उपयोग काय, असे कोणी विचारले की मी ते मैदान दाखवते.

मला फेलिक्स हर्नांडेझचीही आठवण होते. २००५ ते २०१९ अशी पंधरा वर्षे तो या एकाच संघासाठी पिचिंग करत राहिला, २०१२ मध्ये टँपाविरुद्ध त्याने परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देणारा सामना) टाकला, आणि तरीही प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, एकही चेंडू टाकण्याची संधी त्याच्या वाट्याला आली नाही. हरणाऱ्या संघाच्या सामन्यांनाही पिवळे शर्ट घालून त्याच्यासाठी एक अख्खा विभाग भरत असे. त्या माणसांना संघाच्या उणिवा दिसत नव्हत्या असे मुळीच नाही, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण दिसलो पाहिजे, एवढे त्यांना कळत होते.

आपला मुद्दा चूक होता असे मी म्हणत नाही. तो त्या रात्री काढायला नको होता, एवढेच म्हणते. घरात सुतक असताना औषधोपचारात काय चुकले याची चर्चा आपण करत नाही. ती नंतर होते आणि व्हायलाही हवी.

एकशे बासष्ट

ताईंच्या आठवणींबद्दल पूर्ण आदर ठेवून मी धागाकर्त्यांची बाजू घेतो, पण थोड्या वेगळ्या रीतीने.

आपण बहुतेक सगळे क्रिकेटवर वाढलो आहोत आणि क्रिकेटमधली टीकेची सवय बेसबॉलला लावली की गोंधळ होतो. इथे एका मोसमात १६२ सामने असतात आणि उत्तम संघसुद्धा त्यांतले साठ-पासष्ट हरतो. २००१ साली आपण ११६ सामने जिंकलो, म्हणजे १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली, तरी ४६ हरलोच, आणि पुढे यांकीजनी आपल्याला वर्ल्ड सिरीजपासून रोखले. त्यामुळे मंगळवारी कोणी तीनदा स्ट्राइक आउट झाला म्हणून बुधवारी त्याला घरी पाठवा म्हणणे, याला मी टीका म्हणतच नाही. तो चिडलेपणा आहे, आणि त्याने खेळाडूंचा काही फायदा होत नाही.

निर्णयांची गोष्ट निराळी. मुन्योस हवा होता हे आपण चेंडू टाकला जाण्याआधी म्हणाला असाल, तर ती टीका रास्त आहे. होम रन गेल्यानंतर सुचले असेल, तर स्वतःशी एकदा तपासून पाहावे. बाझार्दोने त्या मोसमात फार चांगले काम केले होते, हेही विसरू नये.

माझे खरे दुखणे मात्र त्या एका चेंडूचे नाही. २०२३ चा मोसम संपल्यावर बेसबॉल विभागाचे प्रमुख जेरी डिपोटो यांनी असे मांडले होते की दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के सामने जिंकत राहिले की वर्ल्ड सिरीजची संधी आपोआप चालून येते, आणि धीर धरायला सांगून संघ चाहत्यांचे भलेच करत आहे. त्यावर लोक संतापले आणि त्यांनी माफीही मागितली. पण आकडे पाहा. २०२१ ते २०२५ या पाच मोसमांत आपण ९०, ९०, ८८, ८५ आणि ९० सामने जिंकले. एकूण ८१० पैकी ४४३, म्हणजे ५४.७ टक्के. त्यांनी सांगितले ते त्यांनी अगदी काटेकोरपणे करून दाखवले. आता त्यांतल्या तीन मोसमांचे शेवट आठवा: २०२१ मध्ये दोन सामन्यांनी प्लेऑफ हुकला, २०२३ मध्ये एका सामन्याने, आणि २०२४ मध्ये जूनच्या मध्याला गटात दहा सामन्यांची आघाडी असूनही पुन्हा एकाच सामन्याने. पिचिंग उत्कृष्ट असूनही बॅटिंग लुळी पडत होती, हे रोज पाहणाऱ्या कोणालाही दिसत होते. एका सामन्याचे अंतर म्हणजे हिवाळ्यात न घेतलेला एक बॅटर. म्हणूनच "जरा जास्त पैसे खर्च करा" असे मालकांना बजावणे हा किरकिरेपणा आहे, हे मला पटत नाही.

एउहेनियो सुआरेझचे उदाहरण घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला ॲरिझोनाला देऊन टाकले, तेव्हा पगाराचा बोजा कमी केला म्हणून आम्ही आरडाओरडा केला. जुलै २०२५ मध्ये त्यालाच ॲरिझोनाकडून परत आणले आणि टोरांटोविरुद्धच्या पाचव्या सामन्यात त्यानेच ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन) मारला. आमच्या ओरडण्यामुळे तो परत आला, असा दावा मी करणार नाही. पण ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी आम्ही गप्प बसलो असतो, तर तो चेंडू हवेत उंच गेल्यावर आम्हाला इतके भरून आले नसते, एवढे नक्की. मी त्या सामन्याला तिसऱ्या मजल्यावर होतो. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ टोपी छातीशी धरून नुसते उभे होते. ओरडायचे भानही त्यांना राहिले नव्हते.

फ्रीमाँटहून

मी सिएटलची नाही. माझा संघ ओकलंड ॲथलेटिक्स होता, म्हणून दोन शब्द लिहिते.

१३ जून २०२३ ला आम्ही चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला. मैदान रिकामे ठेवून निषेध करण्यात अर्थ उरला नव्हता, कारण रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवूनच संघ लास व्हेगासला हलवण्याचे समर्थन चालले होते. म्हणून त्या मंगळवारी २७,७५९ लोक आले. "संघ विका" असे सांगणारे हिरवे शर्ट वाटले गेले, मी आणि माझ्या मुलीने दोघींनीही ते घातले. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला एक बॅटर खेळेपर्यंत सगळे मैदान ठरवून गप्प राहिले आणि मग एकदम मालकांविरुद्ध घोषणा सुरू झाल्या. त्याच वेळी खेळाडूंसाठी टाळ्याही पडत होत्या. आम्ही टँपाला २-१ असे हरवले, तो सलग सातवा विजय होता, आणि मुलगी मला विचारत होती, "आई, आपण रागावलो आहोत की खूश आहोत?" मी तिला म्हटले, दोन्ही.

त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासमधल्या मैदानाचे विधेयक मंजूर केले. २६ सप्टेंबर २०२४ ला कॉलिझियम या आमच्या मैदानातला शेवटचा सामना झाला, आणि १९६८ पासून आमच्या गावात असलेला संघ गेला. आम्ही आशाही धरली आणि टीकाही केली. दोन्हींचा उपयोग झाला नाही. तरीही जूनमधल्या त्या रात्री मैदानात गेल्याचा मला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही.

किंगडोमच्या ताईंना मला एवढेच सांगायचे आहे की मैदान भरून शहराने आपला संघ वाचवला, हे तुमच्या बाबतीत खरे ठरले. पण ते दर वेळी ठरतेच असे नाही. आणि बेलव्ह्यूकर, तुमच्या मित्राला संघाची चूक दिसत नसेल असे मला वाटत नाही. काही माणसांना ती इतकी लागते की तिचे नाव काढलेलेही त्यांना सोसत नाही. माझे यजमान तसे आहेत.

किंगडोमपासून

फ्रीमाँटच्या ताई, आपले म्हणणे मान्य आहे. १९९५ मध्ये तो चेंडू डाव्या कोपऱ्यात एक फूट इकडेतिकडे पडला असता, तर आज मीही कदाचित आपल्यासारखेच लिहीत असते.

बेलव्ह्यूकर

सर्वांचे मनापासून आभार. "एकशे बासष्ट" यांनी विचारले म्हणून प्रामाणिकपणे सांगतो: बाझार्दो धावत मैदानात येत होता तेव्हाच मी "मुन्योस का नाही?" असे म्हटले होते, पण हळू आवाजात. मोठ्याने म्हणालो ते होम रननंतर.

काल मित्राला फोन केला आणि हा धागा वाचून दाखवला. फ्रीमाँटच्या ताईंची शेवटची वाक्ये ऐकून तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला की ती सातवी इनिंग त्याने त्या रात्रीनंतर पुन्हा पाहिलेली नाही. समोर आली तर तो चॅनेल बदलतो. मी ती चार वेळा पाहिली आहे, दर वेळी बुलपेनच्या (राखीव पिचर थांबतात त्या जागेच्या) दाराकडे बघत. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्याची तिकिटे आम्ही शेजारशेजारची काढली आहेत.