व्हेसुव्हियसनंतरचं कंपानिया: खरंच सावरलं, की टायटसचा नुसता उदोउदो?

(पाच जणांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

जमाखर्च
इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर रोमन बादशहा टायटसने माजी कॉन्सलांमधून (रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांमधून) चिठ्ठ्या टाकून दक्षिण इटलीतल्या कंपानियाच्या उभारणीसाठी अधिकारी नेमले, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. हे सगळ्यांना पाठ असतं, पण पैसा कुठून आला ते कुणी विचारत नाही. सुएटोनियस जो निधी सांगतो तो एकच: उद्रेकात मेलेल्या बेवारस लोकांची मालमत्ता. मेलेल्यांच्या पैशाने जिवंतांची सोय लावली, बादशहाच्या खिशाला झळ किती? शिवाय पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही गाडली गेलेली गावं पुन्हा वसवलीच नाहीत. १६ वर्षांनी, इ.स. ९५ मध्ये, कवी स्टेशियस नेपल्सच्या किनाऱ्यावरून विचारतो की पुढे कधी हे उजाड रान हिरवं झालं, तर खाली शहरं गाडली आहेत यावर लोकांचा विश्वास बसेल का. म्हणजे तोवर तिथे पीक नव्हतं. याला पुनर्वसन म्हणायचं?

शिलालेख
दोन गोष्टी निसटल्या. बेवारस मालमत्ता एरवी सरकारजमा व्हायची. ती त्या प्रदेशाकडे वळवणं म्हणजे हक्काचं उत्पन्न सोडणं, फुकटची उदारता नव्हे. दुसरं, इतिहासकार डिओ कॅशियस बेवारस मालमत्तेखेरीज रोख मदतीचाही उल्लेख करतो. तो शंभरावर वर्षांनी लिहितोय हे मान्य, पण नेपल्समध्ये समकालीन दगड आहे: भूकंपांनी कोसळलेल्या वास्तू टायटसने पुन्हा उभारल्या असं सांगणारा, ग्रीक आणि लॅटिन अशा दोन भाषांतला लेख.

आणि गावं तिथेच उभारायला हवीत हा हट्ट कशाला? माणसं गेली तिथे पैसा गेला. इतिहासकार स्टीव्हन टक यांनी ७९ पूर्वीची पॉम्पेई-हर्क्युलेनियममधली कुळनावं घेऊन, ती ७९ नंतर कुठे उगवतात ते तपासलं. कुमे, नेपल्स, पुतेओली (नेपल्सजवळचं बंदर), ओस्टिया (रोमचं बंदर) ही नावं वर येतात. ओस्टियातले काल्टिलियस घराणं हे त्यांचं आवडतं उदाहरण.

गावकुसाबाहेर
कुळनावांच्या पुराव्यावर एवढं वजन टाकू नका. मुक्त झालेला गुलाम मालकाचं कुळनाव घेतो, त्यामुळे एका नावाचे शंभर लोक असू शकतात आणि त्यांतला एकही नातेवाईक नसतो. व्यापारी घराण्यांचे हातपाय आधीपासूनच दोन्हीकडे असत. १९५९ मध्ये पॉम्पेईजवळ मुरेचिने इथे मेणपाट्या सापडल्या. त्या सुल्पिशियस सावकारांच्या, व्यवहार साधारण इ.स. २६ ते ६१ चे आणि बहुतेक सगळे पुतेओलीतले. मग पुढे एखादा सुल्पिशियस उत्तरेकडे दिसला तर तो निर्वासित कशावरून?

नावासोबत मतदार-गण (रोमन नागरिकांची मतदानासाठी केलेली विभागणी) जुळला पाहिजे. पॉम्पेईकरांचा गण मेनेनिया, पुतेओलीचा वेगळा. पुतेओलीत मेनेनिया गणाचा माणूस ७९ नंतर दिसला तर काहीतरी हाती लागलं. पण तिथेही मेख आहे: शेजारच्या नुकेरियाचा गणही मेनेनियाच. म्हणजे खाडीच्या दक्षिण भागातला माणूस एवढंच सिद्ध होतं, पॉम्पेईचा नाही.

शिलालेख
बरोबर, म्हणूनच टक एकट्या नावावर थांबत नाहीत; गण, देवता आणि विवाहसंबंधही बघतात. एकेक दुवा कच्चा असला तरी एकाच बाजूला झुकणारे बरेच दुवे आहेत.

खडकमाती
तुम्ही दोघंही राखेची जाडी विसरताय. त्या दिवशी वारा आग्नेयेकडे होता. पॉम्पेईवर आधी पावणेतीन मीटरच्या आसपास प्युमिसचे (हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे) खडे पडले, वरून तप्त राखेचे लोट; एकूण चार ते सहा मीटर. हर्क्युलेनियमवर वीस मीटरच्या घरात. नेपल्स-पुतेओली बाजू बरीच वाचली. सगळ्या वादाचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे.

हातभर जाड राख नांगराने खालच्या मातीत मिसळतच नाही, कारण रोमन नांगर जेमतेम वीतभर जातो. प्युमिसच्या खड्यांतल्या फटी मोठ्या, पाणी थेट खाली निघून जातं, सेंद्रिय अंश शून्य. रोप उगवतं आणि उन्हाळ्यात वाळतं. ‘ज्वालामुखीची माती सुपीक’ हे खरं, पण खडक कुजल्यावर. आपली काळी माती बेसाल्टपासून झाली तिला लागलेला काळ मोजा. पातळ थर असेल तर उपाय असतो: स्पेनच्या लान्झारोटे बेटावर १७३०–३६ च्या उद्रेकानंतर खडे बाजूला सारून जुन्या मातीपर्यंत खड्डे खणले आणि त्यांत द्राक्षवेली लावल्या. पॉम्पेईवर तसं करायचं तर प्रत्येक वेलीसाठी विहीरच खणावी लागली असती.

म्हणून स्टेशियसचं उजाड रान हा सरकारी नाकर्तेपणाचा पुरावा ठरत नाही. दुसऱ्या शतकात त्याच राखेच्या थरावर दफनं दिसतात, म्हणजे आसपास वस्ती होती. उत्तर उतारावर सोम्मा व्हेसुव्हियाना इथे दुसऱ्या शतकातला मोठा वाडा आहे. पुढे त्यात मद्याचे रांजण बसवले गेले आणि ४७२ च्या उद्रेकात तोही गाडला गेला.

जमाखर्च
मातीचं मान्य. पण मग श्रेय निसर्गाचं, टायटसचं नाही. २०२५ मध्ये पॉम्पेईच्या उत्खनन खात्याने जाहीर केलं ते पाहा: राखेतून वर डोकावणाऱ्या मजल्यांत लोक परतले होते, जुने तळमजले तळघरं झाले, तिथे चुली आणि जाती. पाचव्या शतकापर्यंत अशी वस्ती टिकली असावी. तिथे अधिकारी कुठे होते? एका घरावर तर ‘भोक पाडलेलं घर’ असं खरडलेलं आहे, लॅटिन शब्द ग्रीक लिपीत. उभारणीचा नव्हे, खणून माल काढण्याचा हा पुरावा.

पायवाट
खर्च कुठे झाला हे रस्त्यांवरून कळतं. टायटसचा भाऊ आणि पुढचा बादशहा डोमिशियनने ९५ मध्ये सिनुएसा (उत्तरेकडचं किनाऱ्यावरचं गाव) ते पुतेओली रस्ता पुरा केला. स्टेशियसने कामाचा क्रमही दिलाय: आधी दोन्ही कडांच्या चऱ्या, मग खोल चर, तळ घट्ट बसेल असा भराव, दोन्ही बाजूंना कडेचे दगड आणि पाचरी, सोबत दलदलीचं पाणी काढणं. पूर्वी दिवस खाणारा प्रवास जेमतेम दोन तासांवर आला म्हणे (कवीची दोन तासांची मोजणी आहे, थोडं वजा करा). हा पैसा बंदराकडे गेला, पॉम्पेईकडे नाही. तरी पुतेओलीचं मोठं रंगमंडल नगराने स्वतःच्या पैशाने बांधल्याचं त्यावरच कोरलंय, तेव्हा उत्तरेतलं प्रत्येक बांधकाम बादशहाच्या मदतीत मोजू नका.

दक्षिणेत नुकेरिया–स्टाबिया (पॉम्पेईच्या दक्षिणेचं गाव) रस्त्यावर बादशहा हेड्रियनच्या काळातला मैलाचा दगड आहे, १२१ चा. ४२ वर्षं उशिरा.

गावकुसाबाहेर
४२ वर्षं रस्ता बंद होता असं मात्र त्या दगडावरून ठरत नाही. मैलाचा दगड दुरुस्तीची जाहिरात असतो, वाहतुकीची सुरुवात नव्हे. पुढे त्याच शतकात वैद्य गेलन स्टाबियाच्या गुरांच्या दुधाला औषध म्हणून नावाजतो. गुरांना चारा लागतो, आणि दूध आणायला वाट लागते.

खडकमाती
तो चारा डोंगरउतारावरचा. तीव्र उतारावरून खडे पावसाने धुऊन जातात, सपाटीवर साचतात. स्टाबियामागचे डोंगर आधी हिरवे होणार आणि पॉम्पेईजवळच्या सार्नो नदीचं खोरं मागाहून, हे अपेक्षितच आहे. गेलनचं दूध सपाटीबद्दल काहीच सांगत नाही.