पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) माझं माहेरचं नाव आहे, फॅमिली पेन्शन सुरू कशी करायची?

गुहागरची सून
नमस्कार. सांगतेय मी, टाईप धाकटी लेक करतेय. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. वैशाखात गेले, वय 58. पेन्शन स्पर्शमधून (सैन्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेतून) बँकेत जमा व्हायची. पलटणीत लग्नाची नोंद केली तेव्हा ह्यांनी माझं माहेरचं नाव 'सुमन' घातलं. आधार, रेशनकार्ड, पासबुक सगळीकडे मी 'सुप्रिया'. बँकेतले साहेब म्हणतात, सुमनबाईंना घेऊन या. अहो, तीच उभी आहे की समोर!

भावकीतला एकजण म्हणतो, ते गेल्याचं कळवूच नका, एटीएम आहे तोवर काढत राहा. मला नाही पटलं. पैसे अर्धे येतात की त्याहून कमी? लेक 22 ची आहे, शिकतेय. तिचं नाव कुठे घालावं लागतं का? रत्नागिरी गाठायची तर अख्खा दिवस जातो, त्यात लावणी तोंडावर आलीय.

निवृत्त सुभेदार, खेड
वहिनी, जय हिंद. एटीएमला हात लावू नका. पेन्शन त्यांच्या मृत्यूच्या तारखेपर्यंतचीच. पुढे जमा झालेली रक्कम सरकार वसूल करतं. तुमची फॅमिली पेन्शन दुसऱ्या दिवसापासून धरतात, मंजुरीला उशीर झाला तरी मागचा फरक मिळतो.

नावाचं काम बँकेचं नव्हेच, ते पलटणीच्या नोंदी ठेवणाऱ्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसचं. दोन्ही नावं एकाच बाईची असं प्रतिज्ञापत्र करा. त्याला मृत्यूचा दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक (रिटायर होताना मिळालेलं सेवेच्या नोंदीचं पुस्तक), आधार, पॅन आणि असेल तर लग्नाचा दाखला जोडा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. तिथले कल्याण संघटक तालुक्याला येतात, आधी फोन करून दिवस विचारा म्हणजे लावणी बुडणार नाही.

साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, किमान 9000 आणि वर महागाई भत्ता. पण भाऊ 67 च्या आत गेले, म्हणून तुम्हाला आधी 7 वर्षं वाढीव दर लागेल. तो पगाराच्या 50 टक्के, मात्र त्यांच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. सातानंतर 30 टक्के. तुम्ही आहात तोवर लेकीला वेगळी मिळत नाही. तरी तिची नोंद आहे का, ते डिस्चार्ज बुकात कुटुंबाच्या पानावर बघून घ्या.

कुडाळची काकी
बाय, माझा पण तसाच झाला. रेकॉर्डात मी 'चंद्रभागा', आधारात 'चारुशीला'. प्रतिज्ञापत्रात जुना नाव पीपीओत आसा अगदी तसाच लिव, एक अक्षर हुकला तरी कागद परत येता. आणि नोव्हेंबरात हयातीचो दाखलो इसरा नको, नायतर चालू झालेली पेन्शन पण थांबता.

गुहागरची सून
ते पान सापडलं, ट्रंकेत मेडल्सच्या खाली होतं. लेकीचं नाव आहे, पण जन्मसाल एक वर्ष पुढचं पडलंय. त्याला वेगळा अर्ज करू का?

निवृत्त सुभेदार, खेड
नको, त्याच अर्जात लिहा. शाळेचा नको, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला जोडा. आणि पाठवायच्या आधी सगळ्याच्या झेरॉक्स काढून घरी ठेवा, मूळ डिस्चार्ज बुक कुणालाही देऊ नका.