शब्दचर्चा: ‘स्व-चाचणी अयशस्वी’ म्हणजे नापास नक्की कोण?

डेस्कटॉपच्या मदत-पानांपैकी दोन पानं सुधारायला घेतली आहेत. एक पान हार्ड डिस्क ठीक आहे की नाही ते कसं पाहायचं याचं. दुसरं माऊस न हलवता कीबोर्डवरच्या आकड्यांनी पॉइंटर कसा चालवायचा याचं. आधीच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका नाहीत, पण वाचून झाल्यावर नेमकं काय करायचं ते कळत नाही. अडलेल्या जागा देतो.

पहिल्या पानाचं शीर्षक ‘डिस्कचे आरोग्य तपासणे’. आत ‘डिस्क निरोगी आहे’, ‘स्व-चाचणी अयशस्वी’, ‘उंबरठा मूल्य’, ‘पुनर्वाटपित क्षेत्र संख्या’ आणि ‘पूर्व-अपयश’. दुसऱ्या पानात ‘माऊस कळा सक्षम करा’, ‘संख्या कुलूप निष्क्रिय असल्याची खात्री करा’, ‘दुय्यम टिचकी’ आणि ‘कळफलक केंद्रबिंदू’.

‘आरोग्य’ राहू द्यावं, बाकीचं सोपं करावं, असा माझा कल आहे. ‘पूर्व-अपयश’साठी ‘बिघडण्याच्या मार्गावर’ कसं वाटतं?

* * *

‘बिघडण्याच्या मार्गावर’ नको. कानाला बरं वाटतं, पण वाचणारा त्याच दिवशी नवी डिस्क आणायला धावेल, आणि बहुतेक वेळा विनाकारण.

‘स्मार्ट’ नोंदींचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या स्थितीबद्दल आपणहून ठेवते त्या नोंदींचा, तक्ता उघडला की प्रत्येक ओळीपुढे दोनपैकी एक प्रकार लिहिलेला असतो. एक हा ‘पूर्व-अपयश’ आणि दुसरा ‘जुनेपणा’. ही त्या ओळीची जात आहे, डिस्कची अवस्था नव्हे. पहिल्या जातीच्या ओळीचा आकडा ठरलेल्या मर्यादेपर्यंत किंवा तिच्या खाली गेला, तर डिस्क लवकरच बंद पडेल असं समजायचं. दुसऱ्या जातीचा गेला, तर डिस्क वापरून झिजली असं समजायचं. आकडा मर्यादेच्या वर असेल तर दोन्हीकडे काळजीचं कारण नाही. अगदी कोऱ्या डिस्कच्या तक्त्यातही ‘पूर्व-अपयश’ लिहिलेल्या ओळी असतात. या नोंदी दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या आज्ञेच्या माहितीपानात तर मुद्दाम सूचना दिली आहे, की एखादी नोंद या प्रकारची आहे म्हणजे तुमची डिस्क मरायला टेकली आहे असं नाही. मूळ शब्दानंच इतके लोक घाबरले असणार.

मी या प्रकाराला ‘धोक्याची नोंद’ म्हणेन आणि दुसऱ्याला ‘झिजेची नोंद’. मग वाक्य सरळ होतं: ‘धोक्याच्या नोंदीचा आकडा किमान मर्यादेवर किंवा तिच्या खाली आला असेल, तर डिस्क बदला.’

‘उंबरठा मूल्य’ही याच वाक्यासाठी काढून टाका. उंबरठा ओलांडायचा असतो, तो ओलांडला की माणूस कुठेतरी पोहोचतो. इथे आकडा बहुधा १०० किंवा २०० पासून सुरू होऊन खाली उतरतो आणि खाली उतरणं वाईट असतं. ‘किमान मर्यादा’ म्हटलं की दिशा आपोआप कळते. तक्त्यातला दुसरा, कच्चा आकडा मात्र वाढला की वाईट, म्हणून दोघांनाही ‘मूल्य’ म्हणू नये. पहिल्याला ‘गुण’ म्हणा. गुण कमी पडले की नापास, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याला ‘प्रत्यक्ष मोजणी’.

‘पुनर्वाटपित क्षेत्र संख्या’ वाचून तर जमिनीचा सातबारा आठवला. घडतं ते इतकंच: डिस्कचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा छोटा कप्पा, खराब होतो, डिस्क राखीव साठ्यातला एक सेक्टर त्याच्या जागी लावते आणि मोजणी एकनं वाढवते. ‘बदललेले सेक्टर’ पुरे. त्याच्याच जवळची ‘प्रलंबित’ नावाची नोंद असते. हे सेक्टर वाचता येत नाहीत, पण अजून बदललेले नाहीत. त्यावर पुन्हा काही लिहिलं गेलं की डिस्क ठरवते, तोच सेक्टर चालवायचा की बदलायचा. ‘निकाल बाकी असलेले सेक्टर’ लिहिलं तर लांब होईल, पण कळेल.

* * *

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण खरी अडचण ‘स्व-चाचणी अयशस्वी’ ही आहे आणि तिच्यावर कुणी बोललंच नाही.

हे दोन शब्द वाचून तीन वेगवेगळे अर्थ निघतात. चाचणी सुरूच झाली नाही. चाचणी मध्येच थांबली. चाचणी नीट पूर्ण झाली आणि तिच्यात डिस्कचा दोष सापडला. पहिल्या दोन्हींत पुन्हा बटण दाबायचं असतं. तिसऱ्यात आधी फाइली वाचवायच्या असतात. डिस्क स्वतः हा फरक करते. तिच्या चाचण्यांच्या नोंदवहीत ‘वापरणाऱ्यानं थांबवली’, ‘संगणक पुन्हा सुरू झाल्यानं तुटली’, ‘पूर्ण, वाचताना दोष’ अशा वेगळ्या नोंदी असतात. यंत्रानं वेगळं ठेवलेलं आपण एका ‘अयशस्वी’त कोंबतो.

तेव्हा: ‘चाचणी सुरू होऊ शकली नाही’, ‘चाचणी अर्धवट राहिली’, ‘चाचणीत डिस्क नापास झाली’. तिसरं वाक्य बोलीतलं आहे म्हणून कुणी नाक मुरडेल, पण मराठीत चाचणी नापास होत नाही, चाचणी देणारा नापास होतो.

‘अयशस्वी’बद्दल एक तक्रार एकूणच आहे. यश-अपयश प्रयत्न करणाऱ्याला असतं. डिस्क प्रयत्न करत नाही, ती बिघडते, बंद पडते, निकामी होते. ‘डिस्क अयशस्वी झाली’ हे वाक्य आजवर कुणी तोंडानं उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही.

‘स्व-चाचणी’चं ‘डिस्कची स्वतःची चाचणी’ करा आणि पुढे एक ओळ जोडा, की ही चाचणी डिस्क आतल्या आत करते, फाइली पुसल्या जात नाहीत आणि तेवढ्या वेळात संगणक वापरता येतो. छोटी चाचणी साधारण दोन मिनिटांत होते, विस्तृत चाचणीला मोठ्या डिस्कवर काही तास लागतात. हे न सांगितल्यामुळे लोक बटणाला हातच लावत नाहीत.

* * *

आणि ‘आरोग्य’? तुम्ही ते राखायचं म्हणता, माझं मत वेगळं आहे. शब्द चालतो, आर्थिक आरोग्य वगैरे आपण म्हणतोच. पण शीर्षकात ‘आरोग्य’ आलं की निकालात ‘निरोगी’ येणार, आणि ‘निरोगी’ हे आश्वासन आहे. ते देण्याइतकं या नोंदींना कळत नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या नोंदींत, तापमान वगळलं तर, आधी काहीच खूण दिसली नव्हती. उलट बाजूनं नोंदी बऱ्याच बोलक्या असतात. त्याच अभ्यासात पृष्ठभाग तपासताना पहिला दोष सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, दोष न सापडलेल्या डिस्कच्या मानानं ३९ पट निघाली.

म्हणजे वाईट बातमी खरी धरायची, चांगली बातमी जपून. ‘दोष आढळला नाही’ लिहा. शीर्षक ‘हार्ड डिस्कमध्ये बिघाड आहे का ते तपासा’. शोधताना माणूस ‘डिस्क बिघडली’, ‘डिस्क खराब’ असंच टाइप करतो, ‘आरोग्य’ नाही.

(‘स्मार्ट’ हे लघुरूप आहे, हेही एकदा सांगून टाका. नाहीतर ‘स्मार्ट डिस्क’ म्हणजे हुशार डिस्क, आपल्याकडची साधी, तेव्हा हे पान आपल्यासाठी नाही, असा समज होतो.)

* * *

दुसऱ्या पानाबद्दल मी बोलते, कारण मी ही सोय रोज वापरते. मनगटात कळ येते म्हणून कळा वापरते, असं घरात माझं ठरलेलं उत्तर आहे.

‘माऊस कळा’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती माऊसवरची बटणं वाटली. षष्ठीचा घोळ आहे: माऊसच्या कळा की माऊस चालवणाऱ्या कळा? शीर्षक ‘आकड्यांच्या कळांनी पॉइंटर हलवा’ असं करा. पण सेटिंगच्या पडद्यावर जर ‘माऊस कळा’ छापलेलं असेल, तर पायरी सांगताना तोच शब्द अवतरणात द्या. पडद्यावर एक आणि मदतीत दुसरं, यासारखा ताप नाही. पडद्यावरचाही बदलायचा असेल तर दोन्ही एकाच दिवशी बदला.

‘संख्या कुलूप’ तर ताबडतोब काढा. त्या कळीवर छापलेलं असतं ‘नम लॉक’ आणि डोळे तेच शोधतात. वाक्यही उलटं आहे. ‘निष्क्रिय असल्याची खात्री करा’ म्हणजे कशी करू? ‘नम लॉकचा दिवा लागलेला असेल तर ती कळ एकदा दाबा’ लिहा. इथे दिवा बंद हवा, हे ठासून लिहिणं गरजेचं आहे. विंडोजमध्ये हीच सोय मुळात नम लॉक चालू असताना चालते, तिथून आलेल्याच्या हाताला उलटी सवय असते. आकडे टाइप करायचे असतील तेव्हा नम लॉक चालू करायचा, मग पॉइंटर हलणार नाही, हेही त्याच परिच्छेदात हवं.

‘आकड्यांच्या कळा’ म्हणजे कोणत्या? वरच्या ओळीतले आकडे इथे कामाचे नाहीत. उजव्या हाताचा वेगळा गट हवा. त्याला ‘अंकपट’ म्हणायला माझी हरकत नाही, पण पहिल्या वेळी ‘कीबोर्डच्या उजव्या टोकाचा आकड्यांचा गट’ असं उलगडून लिहा. ज्या लॅपटॉपला तो नसतो त्यांना पहिल्याच ओळीत कळू दे. ८ वर, २ खाली, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, कोपऱ्यातल्या चार कळा तिरप्या आणि ५ म्हणजे क्लिक.

आता ‘केंद्रबिंदू’. या एका शब्दानं मला सगळ्यात जास्त छळलं आहे. पान म्हणतं, ‘मेनू कळ कळफलक केंद्रबिंदूस प्रतिसाद देते, माऊस दर्शकास नव्हे.’ मी पॉइंटर एका फाइलवर नेऊन ठेवायचे, मेनू कळ दाबायचे आणि भलत्याच फाइलचा मेनू उघडायचा. सांगायचं आहे ते असं: ‘पॉइंटर कुठे आहे याच्याशी मेनू कळीला देणंघेणं नाही. टॅब किंवा बाणांच्या कळांनी तुम्ही जिथे पोहोचला आहात आणि जे ठळक दिसतं आहे, त्याचा मेनू ती उघडते.’ केंद्रबिंदू, रोख, लक्ष, कुठलंच नाम इथे लागत नाही.

* * *

सगळं मान्य, पण एक खोडा घालतो. ‘क्लिक’ लिहून ‘टिचकी’ का टाकायची? चांगला रुळलेला शब्द आहे, बोटाची हालचालही तशीच आहे. ‘कळफलक’ही टाकणार, ‘टिचकी’ही टाकणार, मग उरलं काय?

* * *

टिचकी इतर पानांत खुशाल ठेवा, मलाही आवडते. या पानात ती अडते, कारण इथे ५ ची कळ दाबून धरली की राइट क्लिक होते (ती सोय सेटिंगमध्ये चालू केली असेल तर). टिचकी मारून सोडायची असते, धरून ठेवलेली टिचकी कशी असेल? ‘दुय्यम टिचकी’ वाचणारा पटकन दोनदा मारतो आणि फाइल उघडून बसतो. ‘दुय्यम’ आणि ‘दुहेरी’ एवढ्या जवळ ठेवूच नयेत.

‘उजवी टिचकी’ही नको. डावखुऱ्यांनी बटणं उलटी करून घेतलेली असली तर ती डावीकडे असते, आणि आकड्यांच्या गटात उजवीकडे असतो ६, तो दाबला तर पॉइंटर पळतो. ‘राइट क्लिक’ हे आता नाव झालं आहे, त्यातली दिशा कुणी ऐकत नाही. कळफलक आणि कीबोर्ड यांत मी भांडणार नाही, फक्त एका पानात एकच ठेवा.

जाता जाता, जुन्या मजकुरात ‘माउस’ आणि ‘माऊस’ दोन्ही आहेत. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की उपान्त्य उकार दीर्घ, म्हणून ‘माऊस’ बरा.

* * *

सर्वांचे आभार. ‘आरोग्य’ सोडलं. पहिल्या पानाचा गाभा आता असा झाला आहे:

‘डिस्क निवडा आणि मेनूमधून स्मार्ट नोंदी उघडा. वरच्या ओळीत “दोष आढळला नाही” असं दिसलं, तरी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा, कारण काही डिस्क आधी कोणतीही खूण न दाखवता बंद पडतात. खात्री करण्यासाठी “छोटी चाचणी” सुरू करा. फाइलींना धक्का लागत नाही. चाचणी अर्धवट राहिली तर पुन्हा सुरू करा. चाचणीत डिस्क नापास झाली, किंवा धोक्याच्या नोंदीचे गुण किमान मर्यादेवर किंवा तिच्या खाली आले, तर आधी फाइलींची प्रत घ्या आणि मग डिस्क बदला. बदललेल्या सेक्टरांची मोजणी शून्य नसेल पण वाढतही नसेल, तर तेवढ्यावरून डिस्क बदलू नका, आठवड्याभरानं पुन्हा पाहा.’

‘सेक्टर’चं अनेकवचन ‘सेक्टर’च ठेवलं आहे, आणि डिस्क सगळीकडे स्त्रीलिंगी.

* * *

छान झालं आहे. एकच वाक्य हलवा. फाइलींची प्रत घेण्याची सूचना ‘छोटी चाचणी’च्या आधी आहे ते बरोबर, पण ती फक्त ‘दोष आढळला नाही’ दिसलेल्यासाठी लिहिली आहे. वरच्या ओळीत दोष दिसलेला माणूसही उत्साहानं विस्तृत चाचणी लावेल, आणि ती अख्खी डिस्क वाचून काढते. आजारी डिस्कला तेवढं वाचायला लावायचंच असेल, तर ते वाचन प्रत काढण्यात जाऊ दे. तेव्हा ‘दोष दिसला तर चाचणी सुरू करू नका, आधी प्रत घ्या’ हे दुसरंच वाक्य करा.